जुन्या आउटबोर्डला ओव्हरहीटचा बझर कसा जोडायचा, आणि मी कुठे चुकलो

मशीन, म्हणजे होडीच्या मागे लावलेलं आउटबोर्ड इंजिन, तापलंय हे मला नाकाने कळलं. तवा गॅसवर विसरला की जो वास येतो त्यात थोडं जळकं रबर मिसळा, तसा. तो आला तेव्हा आम्ही खाडीच्या तोंडाशी होतो, ओहोटी लागलेली, मागे वाळूचा दांडा आणि पुढे लाटा फुटतायत. काकांनी मशीन बंद केलं, मी नांगर टाकला, मशीनवरची टोपी उघडली तर हेडवरचा, म्हणजे सिलिंडरच्या झाकणावरचा, रंग तपकिरी होऊन फोड आल्यासारखा फुगलेला. खाली पाणी ओढायच्या जाळीला दुधाची पिशवी चिकटून बसली होती, अख्खी, वरची अक्षरंसुद्धा वाचता येत होती.

आणि बझर गप्प. बझर होता बरं का, मीच लावलेला एप्रिलमध्ये, तीनदा टेस्ट करून, आणि तिन्ही वेळा कानठळ्या बसतील असा वाजलेला. काकांनी टोपी हातात धरून एवढंच विचारलं, “तुझो तो बझर वाजलो कित्याक नाय?”

याचं उत्तर घरी येऊन मल्टिमीटर लावल्यावर मिळालं, दहा मिनिटांत. हेड गॅस्केट गेलं होतं आणि एका पिस्टनवर ओरखडे पडले होते, म्हणजे थोडक्यात वाचलो. तेव्हापासून चार-पाच जणांच्या होडीवर बझर जोडून दिलाय आणि प्रत्येकाला तीच तीच गोष्ट सांगतो, म्हणून एकदा लिहूनच टाकतो. मी इलेक्ट्रिशियन नाही, घरचं वायरिंग आणि बाइकचं वायरिंग करता करता शिकलोय, त्यामुळे लिहिणार पण तसंच.

आधी मशीन थंड कसं राहतं ते बघू, कारण ते कळल्याशिवाय बझर नक्की काय ओळखतो ते कळत नाही. आउटबोर्डला गाडीसारखा रेडिएटर नसतो, समुद्राचंच पाणी खालून ओढून डोक्यापर्यंत नेतात आणि परत सोडून देतात. ओढण्याचं काम करतो इम्पेलर, म्हणजे खाली गिअरबॉक्सच्या वर बसलेलं पाकळ्यांचं रबरी चक्र, मुठीत मावेल एवढं. ते रबर असल्यामुळे त्याला दोन गोष्टी सहन होत नाहीत, कोरडं फिरणं आणि वाळू. आपल्याकडे खाड्यांच्या तोंडाशी वाळूच वाळू, होडी किनाऱ्याला लावताना मशीन वाळू उपसतंच, आणि पावसाळ्यात मशीन काढून पडवीत ठेवलं की दोन-अडीच महिने त्या पाकळ्या एकाच बाजूला वाकलेल्या राहतात आणि तशाच कडक होतात. मग नारळी पौर्णिमेनंतर मशीन लावतो तेव्हा इम्पेलर असतो, पण निम्मंच पाणी चढवतो.

हे पाणी वर सिलिंडरभोवती फिरतं, थर्मोस्टॅटमधून (तापल्यावरच पाण्याला वाट देणारी झडप) बाहेर पडतं, आणि त्यातली थोडी धार मागच्या बारीक भोकातून सुटते, जी आपण सगळे बघतो. थर्मोस्टॅट साधारण ५०-६० डिग्रीला उघडतो, गाडीच्या मानाने बराच कमी, आणि ते मुद्दाम आहे, खारं पाणी फार तापवलं की त्यातले क्षार आतल्या वाटांमध्ये धरायला लागतात, आपल्या गिझरच्या कॉइलवर पांढरी खपली धरते ना तसं. म्हणजे चांगल्या चालणाऱ्या मशीनचं हेड बाहेरून चटका बसेल एवढं गरम असतं, पण पाण्याचा थेंब टाकला तर चर्र करून उडून जाणार नाही. तो उडाला की समजायचं गडबड आहे.

पाणी थांबलं की काय होतं? पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि तो ज्यात वरखाली होतो तो लायनर बिडाचा. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. मधली जागा आधीच केसाएवढी, त्यात टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच येतं, ती ऑइलची पातळ फिल्म जळली की धातूवर धातू घासतो आणि मशीन जाम. याला फुल थ्रॉटलवर फार वेळ लागत नाही, जाळं ओढायला वळलात आणि परत बघितलंत एवढ्यात होऊ शकतं.

मग धार बघत राहिलं की झालं ना, असं बरेच जण म्हणतात. बघायचीच, पण धार दोन्ही बाजूंनी फसवते. ती वेगळ्या वाटेने फुटत असते त्यामुळे थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला तरी धार छान येत राहते आणि हेड तापत असतं. उलट कधी कधी सगळं ठीक असून धार येत नाही, कारण पावसाळ्यात त्या भोकात कुंभारीण माशीने माती भरलेली असते (तार घालून साफ करायची, दोन मिनिटांचं काम). शिवाय रात्रीच्या अंधारात धार कोण बघतंय.

तर बझर. यात मेंदू वगैरे काही नाही. हेडमध्ये एक थर्मोस्विच बसवलेला असतो, थर्मोस्टॅट नव्हे, नावं सारखी वाटतात पण कामं वेगळी. थर्मोस्विच म्हणजे बोटाच्या पेराएवढी धातूची डबी, आत दोन धातूंची चिकटवलेली पातळ चकती. ठराविक तापमानाला ती चकती टक्कन उलटी होते, लहानपणी आपण औषधाच्या बाटलीचं पत्र्याचं झाकण दाबून टकटक वाजवायचो तशीच, आणि आतले दोन पॉइंट जोडले जातात. किती तापमानाला ते मॉडेलवर आहे, साधारण ८५ ते १०० डिग्रीच्या मधे कुठेतरी. थंड झालं की परत उलटते, पण लगेच नाही, बरंच खाली उतरल्यावर, म्हणून बझर एकदा वाजायला लागला की मशीन थंड होऊनही काही वेळ वाजत राहतो. ते बिघाडाचं लक्षण नाही.

आता नीट लक्ष द्या, सगळी गंमत इथे आहे. या स्विचला बहुतेक वेळा एकच वायर असते. स्विचला दोन टोकं लागतात हे शाळेतलं पोरगंही सांगेल, मग दुसरं टोक कुठाय? दुसरं टोक म्हणजे डबीचं स्वतःचं अंग, जे हेडमध्ये घट्ट बसलंय, म्हणजे मशीनचा अख्खा ब्लॉक. करंटचा रस्ता असा: बॅटरीच्या प्लसमधून फ्यूज, फ्यूजमधून चावी किंवा स्विच, तिथून बझरची लाल वायर, बझरमधून बाहेर काळी, ती काळी जाते थर्मोस्विचच्या वायरला, थर्मोस्विच तापला की करंट त्याच्यातून ब्लॉकमध्ये उतरतो आणि ब्लॉकमधून बॅटरीच्या मायनसला परत. म्हणजे बझरला प्लस कायम मिळतोय, स्विच जो आहे तो मायनसच्या बाजूला आहे. घरात आपण फेज तोडतो, इथे अर्थ जोडतोय, एवढा फरक डोक्यात बसला की निम्मं काम झालं.

आणि मी चुकलो ते शेवटच्या पायरीला. ब्लॉकमधून बॅटरीच्या मायनसला परत, हा रस्ता आमच्या होडीत नव्हताच. काकांचं मशीन जुनं, सेकंडहँड, आधीच्या मालकाने सेल्फ स्टार्टचं सगळं काढून टाकून दोरीवर केलेलं. थर्मोस्विच हेडमध्ये होता, त्याची वायर टोपीखाली नुसती गुंडाळून ठेवलेली. दोरीवरच्या मशीनला बॅटरी लागत नाही, फ्लायव्हीलमधल्या मॅग्नेटवर त्याचा स्पार्क चालतो. बॅटरी होती ती वेगळी, १२ व्होल्ट ७ एएचची, फळीखाली, जीपीएस आणि फिशफाइंडरसाठी. मी बझर त्या बॅटरीवर घेतला आणि बझरची काळी थर्मोस्विचला जोडली. रिक्षात, बाइकवर, टेम्पोवर असंच करतो आपण, बॉडीला अर्थ मिळतोच. पण फायबरच्या होडीला बॉडी अर्थ कुठून येणार? फायबरमधून करंट जात नाही. बॅटरी फळीखाली एकटी, मशीन मागे एकटं, मधे काहीच नाही. माझ्या सर्किटला जाण्याचा रस्ता होता, परतीचा नव्हता.

बरं, मग टेस्टला तीनदा वाजला कसा? कारण मी टेस्ट करताना थर्मोस्विचची वायर काढून तिचं टोक बॅटरीच्या मायनसला टेकवत होतो. वाजणारच. बॅटरी ठीक आहे आणि बझर ठीक आहे एवढंच मी तीनदा सिद्ध केलं. तेच टोक ब्लॉकवर टेकवलं असतं तर एप्रिलमध्येच कळलं असतं.

या बझरची खोड अशी की मशीन थंड असेल तर तो गप्प असतो, आणि वायर तुटली, जॉइंट गंजला, फ्यूज उडाला, अर्थ नसला तरी तो गप्पच असतो. दोन्ही शांतता सारख्याच ऐकू येतात. म्हणून वायरिंग करताना माझं लक्ष आता वाजण्यापेक्षा रोज तपासता कसं येईल याच्यावर जास्त असतं.

तर जोडायला घेऊ. पहिली वायर ओढायची ती अर्थची, बझरचा डबा उघडायच्या आधी. बॅटरीच्या मायनसपासून मशीनच्या ब्लॉकपर्यंत काळी वायर. ब्लॉकवर एखादा हाताला येणारा बोल्ट बघा, बहुतेक ठिकाणी कारखान्यातल्या काळ्या वायरी एका बोल्टवर एकत्र आलेल्या दिसतात, तोच उत्तम. बोल्ट काढायचा, खालचा रंग पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासायचा, गोल थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) बसवायची, बोल्ट आवळायचा आणि वरून पेट्रोलियम जेली फासायची. रंगावर थिंबल ठेवून आवळली तर आज चालेल, दोन महिन्यांनी नाही. सेल्फ स्टार्टचं मशीन असेल तर जाड काळी केबल आधीच बॅटरीला गेलेली असते, मग ही पायरी नाही.

मग मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (रस्ता जोडलेला असेल तर बीप देणारी सेटिंग) ठेवून एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं हेडच्या उघड्या धातूवर. बीप आला पाहिजे. मी हे एवढं केलं असतं तर गॅस्केटचे पैसे वाचले असते, असो.

प्लसची वायर बॅटरीपासून निघाली की वीतभर अंतराच्या आत फ्यूज. १ किंवा २ अँपिअरचा पुरे, बझर काही मिलीअँपिअरच खातो, फ्यूज बझरसाठी नाहीच, तो वायर घासून शॉर्ट झाली तर होडीवर पेट्रोलच्या टाकीशेजारी आग लागू नये म्हणून आहे, त्यामुळे “एवढ्याशा बझरला फ्यूज कशाला” म्हणणाऱ्याकडे दुर्लक्ष करा. फ्यूजनंतर स्विच. चावीचं मशीन असेल तर चावी ऑन केल्यावर जिला १२ व्होल्ट येतात ती वायर घ्यायची म्हणजे वेगळा स्विच विसरायला नको. दोरीचं असेल तर ज्या स्विचवर जीपीएस चालू होतं त्याच स्विचच्या पुढून घ्या. वेगळा स्विच दिलात तर तो कोणीही लावणार नाही, हे मी अनुभवाने सांगतोय.

वायरींचे रंग कंपनीप्रमाणे बदलतात. यामाहाला थर्मोस्विचची वायर साधारणपणे गुलाबी आणि चावीचा प्लस पिवळा. जॉन्सन-इव्हिनरूडला थर्मोस्विचची वायर टॅन, म्हणजे चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग, आणि चावीचा प्लस जांभळा. मर्क्युरीत जांभळा तोच, थर्मोस्विचची टॅनवर निळसर रेघ. पण जुनं मशीन दहा हातांतून आलेलं असतं, कोणी कुठली वायर कुठे घातली असेल सांगता येत नाही, ऊन आणि पेट्रोलने गुलाबी रंगाचा पांढरा होतो. त्यामुळे रंगावर जाऊ नका, हेडमध्ये बसलेल्या डबीतून बाहेर आलेली वायर बोटाने धरत शेवटपर्यंत जा.

आणि हे मोठ्या अक्षरात समजा: मशीन बंद करायच्या लाल बटणाकडे जाणाऱ्या वायरींना बॅटरीचे १२ व्होल्ट चुकूनही लावू नका. ते बटण फक्त सीडीआयचा (स्पार्क तयार करणारा इलेक्ट्रॉनिक डबा) स्पार्क अर्थला पाडून मशीन बंद करतं, तिकडे बाहेरून व्होल्टेज दिलं की सीडीआय युनिट जळतं, आणि जुन्या मशीनचं सीडीआय मिळवणं म्हणजे काय हे ज्याने शोधलंय त्यालाच ठाऊक. तसंच काही दोरीच्या मशीनला लाइट लावायला कॉइलमधून दोन वायरी काढलेल्या असतात, त्यावर थेट बझर घ्यायचा मोह होतो, घेऊ नका. ते एसी असतं आणि थ्रॉटल वाढवला की व्होल्टेजही वाढतं, बझर लवकर मरतो.

बझर कुठला? पिझो टाइपचा, ज्यावर ३ ते २४ व्होल्ट लिहिलेलं असतं तो घ्या. जुन्या मशीनमध्ये चार्जिंगला रेग्युलेटर नसेल तर फुल स्पीडला १५-१६ व्होल्टसुद्धा येतात, १२ चा बारीक बझर त्यात टिकत नाही. आवाज दुकानात ऐकून ठरवू नका, दुकानात सगळेच मोठे वाटतात. टू-स्ट्रोक चाळीसच्या आवाजात, वारा समोरून, काकांना आधीच डाव्या कानाने कमी येतं, अशा हिशोबाने घ्या. मी सोबत एक लाल एलईडीही लावतो, १२ व्होल्टचा तयार मिळतो, बझरच्या दोन वायरींना समांतर, लाल लालला काळी काळीला. बझर टोपीखाली ठेवायचा नाही, तिथे तो कोणाला ऐकू येणार. चालवणारा बसतो त्या फळीच्या खाली, तोंड जमिनीकडे करून, म्हणजे पाणी आत साठत नाही. आमचा प्लास्टिकच्या साबणाच्या डबीत आहे, खाली भोकं आहेतच.

कोणाला ट्रकचा हॉर्नच पाहिजे असेल तर मधे रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) लागतो, कारण हॉर्न दोन-चार अँपिअर खातो आणि थर्मोस्विचचे पॉइंट एवढ्यासाठी नाहीत. चार पायांचा साधा गाडीचा रिले: ८६ ला स्विचनंतरचा प्लस, ८५ ला थर्मोस्विचची वायर, ३० ला फ्यूजमधून प्लस, ८७ हॉर्नला, आणि हॉर्नचं दुसरं टोक मायनसला. फ्यूज मग हॉर्नच्या हिशोबाने मोठा. ८५-८६ च्या मधे १एन४००७ डायोड टाकला, पट्टीची बाजू ८६ कडे, तर रिले सुटताना जी ठिणगी पडते तिने थर्मोस्विच खराब होत नाही. माझं मत विचाराल तर हे सगळं नको, जेवढे जॉइंट वाढतील तेवढ्या गंजायच्या जागा वाढतील.

जॉइंटबद्दल थोडं जास्त बोलतो कारण समुद्रावर वायरिंग मरतं ते जॉइंटलाच. वायर मिळाली तर टिनवाली, म्हणजे तारांना कलई केलेली घ्या, ०.७५ किंवा १ स्क्वेअर एमएम, बारीक तारांची लवचिक. नुसत्या तांब्याची वायर खारं पाणी शोषून घेते, टोकाला पिळून टेप गुंडाळली असेल तर टेपेखाली हिरवी पावडर होते आणि ती हिरवळ वायरच्या कव्हरमधून वीत-दीड वीत आत चढते. एकदा एकाच्या होडीवर वायर बाहेरून इतकी नवीन दिसत होती की मी ती सोडून बाकी सगळं तपासलं, शेवटी कापली तर आत तांबं काळंठिक्कर, बोटाने चुरलं. म्हणून थिंबल क्रिम्प करा, वर गोंदवाली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा, लायटरने आखडून घ्या, कडेने गोंद बाहेर येईपर्यंत. इन्सुलेशन टेप उन्हात वितळून चिकट होते, ती होडीवर आणूच नका.

वायर ओढताना मशीन दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि वर पूर्ण उचलून बघायचं. जेवढी जास्तीत जास्त लागते त्यापेक्षा चार बोटं ढिली ठेवा. टोपीखाली फ्लायव्हीलपासून लांब, केबल टायने बांधून, आणि टोपीच्या खालच्या रबरी बुशमधूनच आत न्या, पत्र्याच्या कडेवरून नेलीत तर कड ती कापते आणि वायर ब्लॉकला टेकून बझर कायमचा वाजत बसतो. कायम वाजणारा बझर फार धोकादायक, कारण त्याची वायर कोणीतरी कापतोच, आणि परत जोडत नाही.

आता ज्यांच्या मशीनला थर्मोस्विचच नाही, लहान ८-१० हॉर्सपॉवरच्या बऱ्याच जुन्या मशीनना नसतो, त्यांनी काय करायचं? इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात केएसडी३०१ नावाचा स्विच मिळतो, राइस कुकर-गिझरमध्ये असतो तोच, वेगवेगळ्या तापमानाचा येतो. ८५ किंवा ९० चा मागा आणि “नॉर्मली ओपन” (थंड असताना तुटलेला, तापल्यावर जोडणारा) स्पष्ट सांगा, दुकानदार हमखास उलटा देतो. याला दोन पाय असतात आणि अंगाचा करंटशी संबंध नसतो, म्हणजे एक पाय बझरच्या काळीला आणि दुसरा पाय बॅटरीच्या मायनसला ओढून नेता येतो, अर्थची भानगडच नाही. बसवायचा सिलिंडर हेडच्या बोल्टखाली पट्टी घेऊन, मधे थर्मल पेस्ट, जितका वरच्या सिलिंडरच्या जवळ तितकं बरं कारण पाणी कमी पडलं की वरचा आधी तापतो. फक्त हा स्विच समुद्रासाठी बनवलेला नाही, पायांवर उष्णता सोसणारं सिलिकॉन थापा आणि दरवर्षी नवीन लावा, चहा-वड्याच्या पैशात येतो.

आणखी एक घोळ. हेडमधून येणारी प्रत्येक वायर स्विचचीच असेल असं नाही, काही मशीनना टेम्परेचर मीटरचा सेंडर असतो, तो जोडत-तोडत नाही, तापमानाप्रमाणे त्याचा रेझिस्टन्स बदलतो. त्यावर बझर लावलात तर थंड मशीनवरही कुरकुरत राहील. ओळखायचं सोपं: थंड मशीनवर मल्टिमीटर ओहमवर ठेवा, वायर आणि ब्लॉक. काहीच रीडिंग नाही तर स्विच, आकडा दाखवतोय तर सेंडर.

स्विच खरंच चालतो का ते स्वयंपाकघरात तपासता येतं, घरातल्यांची परवानगी काढून आणि जुनं पातेलं घेऊन. पाणी नको, तेल घ्या, कारण स्विच ९५-९८ चा असेल तर पाणी उकळलं तरी तिथे जेमतेम पोचतं आणि तुम्हाला वाटणार स्विच खराब. तेलात थर्मामीटर आणि तारेने लटकवलेला स्विच, बुडाला न टेकता, मंद आच, मल्टिमीटरचं एक टोक वायरला एक डबीला. ठराविक तापमानाला बीप येईल, गॅस बंद करून वाट बघा, बरंच खाली आलं की बीप थांबेल. दोन्ही तापमानं मार्करने टोपीच्या आत लिहून ठेवा. हे वर्षातून एकदा, पावसाळी मासेमारी बंदीच्या दिवसांत मशीन घरी असतं तेव्हा, इम्पेलर बदलताना.

रोजच्यासाठी बटण. हे माझ्या चुकीतून आलेलं आहे त्यामुळे मला ते फार आवडतं. दाबल्यावर जोडणारं साधं पुश बटण, त्याचं एक टोक थर्मोस्विचच्या वायरला, अगदी थर्मोस्विचजवळ, आणि दुसरं टोक ब्लॉकच्या एखाद्या बोल्टला. बॅटरीच्या मायनसला नाही, बोल्टला, आणि तो बोल्टही अर्थच्या थिंबलवाला नको, वेगळा. फळीखाली बझरजवळ बटण लावणं सोपं पडतं पण ते बटण फक्त बझर तपासतं. मशीनकडे लावलेलं बटण बॅटरी, फ्यूज, स्विच, बझर, अख्खी वायर, ब्लॉक आणि परतीची अर्थ सगळं एका दाबात तपासतं, फक्त थर्मोस्विचची डबी सोडून, आणि तिच्यासाठी तेलाचं पातेलं आहेच.

कोणी म्हणेल उलटं का करत नाही, थंड असताना जोडलेला आणि तापल्यावर तुटणारा स्विच घ्यायचा, रिलेने सांभाळायचा, म्हणजे वायर तुटली तरी बझर वाजेल. बरोबर आहे, कागदावर तेच जास्त सुरक्षित आहे. पण होडीवर वायर तुटायची, थिंबल गंजायची एवढी कारणं आहेत की तो दर आठवड्याला उगाच वाजेल, आणि तिसऱ्या आठवड्यात त्याचं काय होतं ते वर सांगितलंय.

वाजला तर काय करायचं तेही सांगतो. थ्रॉटल लगेच खाली, धार बघा. धार येत असेल तर न्यूट्रलमध्ये हळू चालू ठेवा, थर्मोस्टॅट अडकला नसेल तर ते पाणीच मशीन थंड करतं. धार नसेल तर बंद करा, आधी नांगर किंवा वल्हं हाताशी आहे ना बघून, मशीन वर उचला आणि जाळी बघा, दहातल्या बऱ्याच वेळा पिशवी, जाळ्याचा तुकडा नाहीतर शेवाळ. तापलेल्या हेडवर बादलीने पाणी मारू नका, हेड वाकतं. आणि बंद केल्यावर थोड्या वेळाने बझर परत वाजायला लागला तर घाबरू नका, पाणी फिरायचं थांबल्यावर आतली उष्णता हेडकडे येते, थोडा वेळ तापमान उलट चढतं. बझर गप्प झाल्यावर स्टार्ट करा आणि पहिली दोन मिनिटं नजर फक्त धारेवर.

काका आता दोरी ओढायच्या आधी बटण दाबतात. गेल्या महिन्यात एकदा वाजला नाही, बघितलं तर बॅटरीच्या मायनसची थिंबल हिरवी झालेली, घासून परत बसवली आणि अर्ध्या तासाने निघालो. बटणाची रबरी टोपी मात्र फाटलीय, सध्या त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बांधलाय.